ओळखपरेड

पर्चेस खात्यातल्या माणसाच्या ओळखी फार असतात. फक्त त्या त्याच्या नसतात, त्याच्या खुर्चीच्या असतात. चाकण एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे भाग बनायचे आणि त्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू, कास्टिंगपासून हातमोज्यांपर्यंत, माझ्या सहीनं यायची. त्यामुळे भोसरीपासून रांजणगावपर्यंतचे व्हेंडर मला 'सर' म्हणायचे. जानेवारीत टेबलावर कॅलेंडरांची चळत असायची. मी काही बोललो की समोरचे हसायचे. आपण विनोदी आहोत हा समज माझा त्या काळात झाला आणि हा लेख तुम्हाला वाचावा लागतोय त्याचं मूळही तिथंच आहे.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं. मारुतीनं तेव्हाच डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. पुढं इतरांनीही लहान गाड्यांतून डिझेल हळूहळू काढून घेतलं. आमच्या ऑर्डरी आक्रसत गेल्या आणि एका सकाळी एचआरच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास पुढं केला. आमच्या कंपनीत एचआरनं पाणी दिलं की समजून जायचं.

त्या दिवाळीत घरी सुक्या मेव्याचा एकच डबा आला. वर नाव माझं काम ज्याच्या गळ्यात पडलं होतं त्या गृहस्थाचं होतं आणि पत्ता माझा. व्हेंडरनं यादीतलं नाव तत्परतेनं बदललं होतं, पत्ता बदलायचा राहिला होता.

घरी बैठक बसली. बायको पतसंस्थेत वसुली बघते, त्यामुळे बैठकीचं अध्यक्षपद आपोआप तिच्याकडे गेलं. तिचा धाकटा भाऊ हिंजवडीहून खास आला.

"दाजी, जाहिराती बघत बसू नका," तो म्हणाला. "ऐंशी टक्के नोकऱ्या जाहिरात न येताच भरल्या जातात. सगळं नेटवर्किंगवर चालतं आता."

"मामा, जाहिरातच आली नाही तर मोजल्या कशा?" मुलीनं विचारलं. ती समाजशास्त्र शिकते.

"सगळे सांगतात," मेहुणा म्हणाला.

माझी अडचण वेगळी होती. कोणाकडे शब्द टाकायचा म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. आमच्या वडिलांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही आणि त्यांना काही मिळालंही नाही. हा वारसा मी जपून ठेवला होता. मेहुण्यानं तो पाच मिनिटांत मोडीत काढला आणि माझं लिंक्डइन उघडलं. ते कधीतरी एका ट्रेनिंगमध्ये साहेबांच्या आग्रहावरून काढलं होतं. फोटोत माझ्या मागं सिंहगड होता आणि हातात भाजलेलं कणीस.

"हे साधंसुधं समजू नका. मायक्रोसॉफ्टनं २०१६ साली सव्वीस अब्ज डॉलर देऊन घेतलंय."

"आधी किती सांगितले होते?" मी विचारलं. बायकोनं कपाळाला हात लावला.

नावाखाली स्वतःचं वर्णन करायला २२० अक्षरांची जागा असते. मी 'पर्चेस मॅनेजर' एवढं लिहिलं आणि बाकीची वाचवली. तेवढ्यात मेहुण्याला त्याच्या ऑफिसातून फोन आला, तो उठला आणि जुनी नोकरी संपल्याची तारीख टाकायची राहून गेली. परिणाम लवकरच दिसला. मी त्याच कंपनीत आणखी एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केल्याची वर्दी माझ्या सगळ्या ओळखीच्यांना गेली आणि अभिनंदनं येऊ लागली. ज्यांनी पाणी दिलं होतं त्या एचआरच्या मॅडमनीही अभिनंदन केलं. मी प्रत्येकाला प्रामाणिकपणे कळवलं, "आभार, पण मी आता तिथं नाही." बहुतेकांचं उत्तर आलं, "अरे वा! नव्या कंपनीसाठी शुभेच्छा!"

मग मेहुण्यानं फोटोभोवती ते हिरवं कडं लावायला सांगितलं. त्यात दोन पर्याय असतात. आपण नोकरी शोधतोय हे फक्त भरती करणाऱ्यांना दाखवता येतं किंवा सगळ्यांना. अर्धवट काम मला आवडत नाही, म्हणून मी 'सगळ्यांना' निवडलं. भरती करणाऱ्यांपैकी कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ते लिंक्डइनवर काय करतात हे मला माहीत नाही, पण त्यांच्या काखोटीला फाइल होती.

"तुम्हाला आता वेळ आहे असं बघितलं," ते म्हणाले. "टँकरचं तेवढं तुम्ही बघा."

अशा रीतीनं नेटवर्किंगमधून मला पहिलं पद मिळालं. मी टँकरचा भाव पाडला, फेऱ्यांचं रजिस्टर घातलं आणि दर फेरीला पाणी मोजून घ्यायला लागलो. टँकरवाला मला 'सर' म्हणायला लागला. त्यानंतर काही दिवस माझी झोप जरा सुधारली.

तोवर नातेवाइकांची फळी कामाला लागली होती. थोरल्या मामांनी एका साहेबांचा नंबर दिला. "मोठा माणूस आहे, ओळखी अफाट. माझं नाव सांग." मावशीनं नंबर दिला, तो त्याच साहेबांचा. शाळेतल्या मित्रांनी बरीच चर्चा करून नंबर दिला, तोही तोच. एवढ्या बाजूंनी एकाच माणसाचं नाव येतंय म्हणजे हा माणूस जबरदस्त असणार, असा हिशेब करून मी आवंढा गिळला आणि फोन लावला.

"बरं झालं तुम्हीच फोन केलात," साहेब म्हणाले. "मीच करणार होतो. तुमचे मामा म्हणत होते, तुमच्या खूप ओळखी आहेत." त्यांचीही नोकरी गेली होती. आम्ही एकमेकांना धीर दिला आणि एकमेकांचे सीव्ही मागून घेतले.

सीव्ही मी घरच्या ग्रुपवरही टाकला होता. पुढच्याच आठवड्यात कऱ्हाडच्या चुलत सासऱ्यांकडून मला व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. खाली लिहिलं होतं, "तुमच्या लाइनीतला माणूस आहे. गरजू दिसतो. कुठं चिकटवता आला तर बघा." उघडून पाहिलं तर मीच. वर दोन बाणांची खूण होती, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला'. किमान पाच हातांतून गेल्याशिवाय ती खूण येत नाही. म्हणजे सीव्ही फिरला होता, फक्त गोल फिरला होता. बायकोनं वाचला आणि म्हणाली, "करा काहीतरी त्या बिचाऱ्याचं."

हा प्रकार ऐकून मुलीला मात्र आनंद झाला. तिच्या अभ्यासक्रमातला धडा घरात घडत होता.

"बाबा, हे ग्रानोव्हेटर आहे," ती म्हणाली.

मला आधी ते माझ्या आजाराचं नाव वाटलं. मार्क ग्रानोव्हेटर हे अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ निघाले. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात त्यांनी नव्यानं नोकरी बदललेल्या लोकांना गाठून विचारलं, ही जागा तुम्हाला कळली कशी? मित्राकडून का? तर लोक पुन्हा पुन्हा सांगत, नाही हो, मित्र कसला, नुसती ओळख. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यांनी पुढं विचारलं, ज्यानं सांगितलं तो तुम्हाला त्या काळात कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले सतरा टक्क्यांच्या आत. अधूनमधून भेटणारे जवळजवळ ५६ टक्के आणि क्वचित भेटणारे २८ टक्क्यांच्या आसपास. कारण सरळ आहे. घरचे आणि जिवलग आपल्याच घोळक्यात वावरतात. जे आपल्याला माहीत तेच त्यांना माहीत. नवी बातमी येते ती दुसऱ्या घोळक्यात ऊठबस असलेल्या माणसाकडून. १९७३ साली हा निबंध छापून आला आणि गाजला. त्याआधी १९६९ मध्ये एका नामांकित नियतकालिकानं तो साभार परत केला होता, हे कळल्यावर मला तो माणूस आवडायला लागला.

"पण विचारलं किती जणांना?" मी खात्याच्या शिस्तीनं विचारलं.

"या प्रश्नाला चोपन्न."

"चोपन्न? चोपन्न बोल्ट तपासून मी लॉट पास करत नाही."

"मग २०२२ चा घ्या," ती म्हणाली. तो 'सायन्स'मध्ये आला होता. लिंक्डइनवरच्या दोन कोटी माणसांवर पाच वर्षं केलेले प्रयोग. कोणाला कसल्या ओळखी सुचवायच्या त्यात फरक करून, पुढं नोकऱ्या कोणाच्या बदलल्या ते पाहिलं. निष्कर्ष असा, की अगदी घट्ट ओळख फारशी कामाची नाही, अगदी विरळही नाही. मधली, जरा सैल ओळख सगळ्यात उपयोगी. त्यात एक पोटकलम होतं. सैल ओळखींचा फायदा जास्त डिजिटल उद्योगांत दिसला, कमी डिजिटल उद्योगांत घट्ट ओळखीच चालल्या. करारातलं आपल्या सोयीचं कलम शोधण्यात माझं आयुष्य गेलंय. डिझेल इंजिनाहून कमी डिजिटल काय असणार? मी ते कलम हातात धरून थोरल्या मामांना पुन्हा फोन केला. मामांनी त्याच साहेबांचा नंबर दिला.

शेवटी मेहुण्यानं तोडगा काढला. अधूनमधून भेटणारी माणसं एका छताखाली मिळतात प्रदर्शनात. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये कारखान्यांना लागणाऱ्या यंत्रसामग्रीचं प्रदर्शन होतं. मेहुण्यानं माझ्याकडून घोकून घेतलं: स्टॉलवर जायचं, तीस सेकंदांत स्वतःबद्दल सांगायचं, 'मी नव्या संधीच्या शोधात आहे' असं हसतमुखानं म्हणायचं, कार्ड घ्यायचं आणि पुढं सरकायचं. आरशासमोर माझं छान जमत होतं.

प्रवेशद्वारावरच घोळ झाला. नोंदणीच्या फॉर्मवर 'कंपनी' आणि 'हुद्दा' असे रकाने होते आणि ते भरल्याशिवाय बॅज छापला जात नव्हता. मागं रांग खोळंबली होती. मी सोसायटीचं नाव लिहिलं आणि हुद्दा 'खरेदी प्रमुख'. टँकर मीच खरेदी करत होतो, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. बॅजवर 'सहकारी गृहरचना संस्था मर्यादित' एवढं मावेना, म्हणून त्यांनी नुसतं नाव आणि पुढं 'लि.' छापलं. गळ्यात ते अडकवून मी आत शिरलो, तो एका लिमिटेड कंपनीचा खरेदी प्रमुख म्हणून.

पहिलाच स्टॉल कॉम्प्रेसरचा होता. पंचविशीतला सेल्स इंजिनिअर बॅजकडे बघून पुढं झाला.

"या सर. काय रिक्वायरमेंट आहे?"

तीस सेकंदांचं भाषण माझ्या जिभेवर होतं. तोंडातून आलं, "स्क्रू कॉम्प्रेसर. सदतीस किलोवॅट. भाव जास्त आहे तुमचा."

"सर, मी अजून सांगितलाच नाहीये."

"तरी जास्त आहे."

त्याच्यानंतरचा अर्धा तास हा माझ्या बेकारीतला सर्वोत्तम काळ होता. मी त्याला बारा टक्क्यांवर आणलं, वाहतूक त्याच्या गळ्यात घातली आणि नव्वद दिवसांचं क्रेडिट पदरात पाडून घेतलं. खुर्ची मिळाली, थंड पाणी मिळालं, आणि मी काहीतरी बोललो तर तो हसलासुद्धा! मग मला कोण अडवणार? मी फोर्कलिफ्टवाल्याकडे गेलो, रॅकवाल्याकडे गेलो, पावडर कोटिंगवाल्याला तर दोन वर्षांची वॉरंटी द्यायला लावली. 'नव्या संधीच्या शोधात' हे शब्द दिवसभरात एकदाही उच्चारले गेले नाहीत. संध्याकाळी कापडी पिशव्यांनी लगडलेला मी घरी पोचलो.

"मिळाली का कुठं?" बायकोनं विचारलं.

"नाही. पण फोर्कलिफ्ट फार स्वस्तात बसतेय."

दुसऱ्या दिवसापासून फोन खणखणू लागला. आपल्याला कोणी फोन करत नाही अशी माझी तक्रार होती, ती पार मिटली. "सर, पीओ कधी देताय?" "सर, डिस्काउंट या महिनाअखेरपर्यंतच हं." मी 'मॅनेजमेंटशी बोलतो' असं सांगत राहिलो. मॅनेजमेंट स्वयंपाकघरातून ऐकत होती. कॉम्प्रेसरवाला सगळ्यांत चिवट. "सर, ऑर्डरचं राहू द्या. मी एकदा प्लांटला येऊन फुकट एअर ऑडिट करून देतो. पाइपांतल्या गळतीत वीस-तीस टक्के हवा वाया जाते, कळतही नाही." मी टाळत राहिलो. पण फॉर्मवर पत्ता होता.

एका सकाळी तो आला. पाठीवर सॅक आणि हातात गळतीचा आवाज टिपणारं यंत्र. गेटवर त्याला सेक्रेटरी भेटले.

"गळती शोधायला आलोय," तो म्हणाला.

"या, या!" सेक्रेटरींना भरून आलं. "कधीपासून शोधतोय आम्ही." आणि त्याला घेऊन ते थेट गच्चीवर गेले. मला कळलं तेव्हा मी बर्म्युड्यावर होतो. वर जाऊन बघतो तर तो पाण्याच्या टाकीला यंत्र लावून चक्रावून उभा होता आणि सेक्रेटरी त्याला तिसऱ्या विंगेतल्या ओलीचा इतिहास सांगत होते.

मी त्याला घरी आणलं. बायकोनं पोहे केले. पहिला घास पोटात गेल्यावर मी सगळं सांगितलं.

"म्हणजे सर, प्लांट नाही?"

"टाकी आहे."

तो चिडेल असं वाटलं होतं. तो चमचा ठेवून म्हणाला, "मग सर, जॉब बघताय हे स्टॉलवरच का नाही बोललात?" आणि त्यानं डायरी उघडली. आठवड्याला किती कारखाने पालथे घालतो हा मुलगा! तळेगावला कोणाचं एक्स्पान्शन चाललंय, रांजणगावला कोणाची लाइन बंद पडलीय, कुठल्या पर्चेस हेडचं साहेबांशी वाजलंय, सगळं पानोपानी. माझ्या सगळ्या नातेवाइकांना मिळून एक साहेब माहीत होते. ह्याच्याकडे पुणे-सातारा-नगरचा नकाशा होता.

"शिरवळला बघा," तो म्हणाला. "नवी शेड उभी राहतेय. पर्चेसचा माणूस सोडून गेला. स्टोअर्सवाला पीओ काढतोय, त्याला काही झेपत नाही. माझं पेमेंट अडकलंय तिथं." त्याची कळकळ कुठून येतेय हे आता माझ्या ध्यानात आलं आणि मला बरं वाटलं. नुसत्या दयेवर काम होत नाही. त्याचाही जीव त्यात अडकलेला होता.

"प्लांट हेडची वेळ मी घेऊन देतो. पण सर, नोकरी मागू नका. पहिल्या व्हिजिटला ऑर्डर मागायची नसते." मग पोहे संपेपर्यंत त्यानं मला धडे दिले. जायच्या आधी ते काय बनवतात, कोणाला देतात ते वाचून जा. पंधरा मिनिटं मागा आणि पंधराव्या मिनिटाला उठा. त्यांचं काय अडलंय ते विचारा आणि गप्प बसून ऐका. काहीतरी पाठवतो असं कबूल करा आणि त्याच संध्याकाळी पाठवा. म्हणजे पुढच्या फोनला कारण मिळतं.

हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. टेबलाच्या पलीकडे बसून माणसं वर्षानुवर्षं माझ्यावर हेच करत होती. नेटवर्किंगचा अख्खा अभ्यासक्रम माझ्या केबिनमध्ये रोज भरत होता, चहासकट. मी फक्त फळ्याकडे पाठ करून बसलो होतो.

शिरवळच्या गेटवर सिक्युरिटीनं रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं 'व्हेंडर' लिहिलं आणि रिसेप्शनमध्ये बसवून ठेवलं. तिथल्या सोफ्याची स्प्रिंग टोचते. ती मुद्दाम ठेवतात. आमच्याकडेही ठेवली होती.

प्लांट हेड भला माणूस होता. मी धड्याबरहुकूम विचारलं, काय अडलंय? तो बोलायलाच लागला. कास्टिंग वेळेवर येत नाही, एकाच फाउंड्रीवर सगळा भार आहे, रिजेक्शनचा पैसा वसूल होत नाही, स्टोअर्सवाला रडकुंडीला आलाय. मी मान डोलावत राहिलो, दोन-तीन फाउंड्र्यांची नावं सुचवली, त्यांची यादी संध्याकाळी पाठवतो म्हणालो. गाडी अशी रुळावर असताना तो पुढं झुकून म्हणाला, "तुम्हीच का येत नाही इथं?"

"छे, छे," मी म्हणालो. "मी फक्त माहितीसाठी आलोय." आणि पंधरा मिनिटं झाली होती म्हणून उठलो. तो बहुधा पगाराबद्दल काहीतरी बोलत होता. मी अदबीनं नमस्कार करून बाहेर पडलो.

हायवेवरून कॉम्प्रेसरवाल्याला फोन करून मोठ्या अभिमानानं सगळा वृत्तांत दिला. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

"सर," तो शेवटी म्हणाला, "ऑर्डर मागायची नसते म्हणालो होतो. दिली तर घ्यायची असते."

संध्याकाळी फाउंड्र्यांची यादी पाठवली आणि तिच्या तळाशी, वाहतूक व विम्याच्या अटी जिथं लिहितात तिथं, बारीक अक्षरांत लिहिलं, "आपल्या प्रश्नावर विचार केला. येऊ शकेन."

पगाराच्या बोलण्याला तिथल्या एचआरच्या मॅडम बसल्या. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमची अपेक्षा जास्त आहे." मी अजून सांगितली नव्हती. माझ्या विरुद्ध बाजूला इतक्या तयारीचं माणूस पहिल्यांदाच बसलं होतं. त्यांनी मला कुठवर आणलं ते सांगत नाही. कॉम्प्रेसरवाल्याच्या दुःखाची मला थोडी कल्पना आली एवढंच.

रुजू होताना एक फॉर्म भरावा लागला. 'या जागेविषयी माहिती कशी मिळाली?' पोर्टल, कन्सल्टंट, कर्मचाऱ्याची शिफारस, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर खरं ते लिहिलं: कॉम्प्रेसर.

महिन्याभरानं अकाउंट्सचा माणूस फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आला. "सर, हे कॉम्प्रेसर नावाचे कन्सल्टंट कोण? यांचं बिल अजून आलं नाही."

"घाई करू नका," मी म्हणालो. "त्यांच्याशी नव्वद दिवसांचं क्रेडिट ठरलंय."